डावीकडची सीट

१

शनिवारी शाळा सुटली की दर्शना मिरकरवाडा बंदरावरून बांगडे घेऊन घरी यायची, आणि तिने ते साफ करायला घेतले की तिचा नवरा घर सोडून निघायचा. पळून नव्हे, अगदी रीतसर. दोन पिशव्या, पाण्याचा कॅन, लहान शेगडी आणि डब्यात तिनेच भाजलेल्या तांदळाच्या भाकऱ्या घेऊन.

महेंद्र आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवायचा. लेक स्नेहल दापोलीला कृषी विद्यापीठात गेली, घर सुनं झालं, आणि पन्नाशीला टेकलेल्या या गृहस्थाला रानात झोपायची हौस सुटली. त्याने गाडीची मागची सीट पाडून तिथे फोमची गादी अंथरली. खिडक्यांना मच्छरदाणीचे तुकडे शिवून घेतले, तेही दर्शनाकडूनच. शनिवारी जायचं, संगमेश्वरच्या वरच्या अंगाला रानात गाडी लावून झोपायचं, रविवारी जेवायला हजर. एकट्याने. हा शब्द तो जिभेवर घोळवून म्हणायचा. नवऱ्याने मित्रांबरोबर बसावं, पत्ते कुटावेत, ते परवडलं. पण माझ्याशिवाय त्याने इतकं सुखात असावं? दर्शनाला ते पहिल्या शनिवारपासून खुपत होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी तो आंघोळीला गेला आणि ती गाडीतून डबा आणायला उतरली. पुढची, डावीकडची सीट रिकामी होती. तिच्यावरचा पट्टा मात्र लावलेला होता. ओढून, खटका बसवून, नीट.

"अहो, रिकाम्या सीटला पट्टा कशाला लावलाय?"

"सेन्सर बिघडलाय. सीटवर वजन आहे असं त्याला वाटतं. मग पट्टा लावेपर्यंत टुंग टुंग करत बसतो."

"मग दुरुस्त करा की. गावाच्या वायरी जोडत फिरता."

"कशाला? पट्टा लावला की गप्प बसतो."

टॉवेलने डोकं पुसता पुसता तो हसला. ते हसू तिच्यासाठी नव्हतं, एवढं तिला कळलं.

२

दर्शनाच्या घरात भुताखेतांना जागा नव्हती. तिच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातल्या देवांबरोबर भुतांनाही उंबऱ्याबाहेर काढलं होतं. ती स्वतः शाळेत विज्ञान शिकवायची. अंगात येणं म्हणजे काय, चकवा कसा लागतो, यावर आठवीच्या वर्गात गमरेबाईंचा एक ठरलेला तास असायचा आणि पोरं तो आवडीने ऐकायची. त्यामुळे लावलेल्या पट्ट्याचा अर्थ तिच्याकडे एकच उरला. बाई.

मग तिने ती गाडी विंचरून काढली. केस नाही, टिकली नाही, पावडरीचा वास नाही. सीट मात्र पार मागे सरकवलेली होती, रुळाच्या टोकापर्यंत. म्हणजे उंच आहे मेली, दर्शनाने मनात नोंद केली. सीटवर तळहात ठेवला तर ती गार लागली. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, सगळी गाडी तापली होती, आणि तेवढीच एक सीट माठाच्या पोटासारखी गार. दर्शनाने विचार केला. सावलीची बाजू असेल. मग लक्षात आलं की ऊन डावीकडूनच येत होतं. तिने हात काढून घेतला आणि पुन्हा बाईच्या विचाराला लागली. तो विचार कितीही जळजळीत असला तरी ओळखीचा होता.

पुढच्या आठवड्यात दोघं स्नेहलला भेटायला दापोलीला निघाली. दर्शना पुढचं दार उघडायला गेली, तर महेंद्र म्हणाला, "मागे गादीवर बसतेस? ऐसपैस बसता येईल."

लग्नाच्या बायकोला हा माणूस मागे बसायला सांगत होता.

ती पुढेच बसली. हट्टाने. दापोली येईपर्यंत महेंद्र अवाक्षर बोलला नाही, आणि सगळा रस्ताभर तिला, आपण कुणाच्या तरी मांडीवर बसलोय, असं चमत्कारिक वाटत राहिलं. उतरल्यावर पाठ आखडली होती. दर्शनाने ते रस्त्यातल्या खड्ड्यांवर घातलं.

३

महेंद्रची एक सवय होती. गल्लीच्या तोंडाशी वळण आलं की तो गाडी थांबवायचा, वाकून डावीकडचं दार उघडायचा आणि बाहेर हाक मारायचा, "कुनी येतंय काऽय?" क्षणभर थांबायचा, मग दार लावून पुढे निघायचा.

ही रीत त्याच्या वाडीची. त्यांचं गाव लांज्याकडचं, आणि बौद्धवाडी गावाच्या पार शेवटाला, कातळाच्या पलीकडे. एसटी गावातच वळायची. गावातल्या जीपवाल्यांना वाडीपर्यंत जायचं जिवावर यायचं, आणि ते का यायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. बसवायचंच झालं तर आधी विचारायचे, कोण तू, कुणाचा? मग महेंद्रच्या गंगारामकाकांनी गोदीतून निवृत्त झाल्यावर जुनी जीप घेतली आणि नियम घातला. जागा रिकामी असेल तर वळणावर थांबायचं. दार उघडायचं. हाक मारायची. जो येईल त्याला घ्यायचं, आणि कोण तू, हे विचारायचं नाही. कुणालाही मागे ठेवून जायचं नाही.

वाडीतली पोरं मोठी झाली, कुणी रिक्षा घेतली, कुणी टेम्पो, आणि मुंबईत कुर्ल्याच्या सिग्नललासुद्धा त्यांचा हात आपोआप डाव्या दाराकडे जातो. लग्न ठरायच्या आधी दर्शनाही अशाच एका हाकेवर महेंद्रच्या मोटारसायकलवर बसली होती. मावशीकडे आलेली, वळणावर उभी होती. त्याने तिला नाव विचारलं नाही. त्यावरच तर ती भाळली.

आता एका शनिवारी खिडकीत उभी राहून ती ती हाक ऐकत होती आणि एक नवीनच विचार तिच्या काळजात सुईसारखा शिरला. हा रानातल्या वळणांवरही थांबत असणार. तिथेही दार उघडत असणार. माझी हाक हा कुणाकुणाला मारतो?

४

त्यानंतरच्या शुक्रवारी महेंद्र वर्गात शिडीवरून उतरताना पाय मुरगळून बसला. घोटा टम्म सुजला. शनिवारी दुपारपर्यंत त्याने पाच-सहा वेळा तरी उठून गाडी बघितली.

"आज जायला हवं होतं," तो म्हणाला.

"कुणी वाट बघतंय?"

 दर्शनाने भांडं आपटलं.

"मी जाते दापोलीला. स्नेहलला लाडू द्यायचेत."

"एसटीने जा."

"गाडीने जाते. मलाही लायसन आहे."

त्याने घोट्यावरची पट्टी आवळली. मग हळूच म्हणाला, "डावीकडे काही ठेवू नकोस. पिशवीसुद्धा नको."

दर्शनाचं डोकं असं सणकलं की लाडवांचा डबा ओट्यावरच राहिला. दापोलीला तिला जायचंच नव्हतं. ती हातखंब्याला हमरस्त्याला लागली आणि संगमेश्वरच्या दिशेने वळली. तो कुठे झोपतो हे त्याने कधी लपवलं नव्हतं. मैनाच्या टपरीच्या पुढे, एसटीचा जुना थांबा आहे तिथे. लपवायची सुद्धा गरज वाटू नये, इतकी का मी बावळट? रस्ताभर ती हेच चघळत होती.

५

मैनाची टपरी म्हणजे शेवटची माणसाची खूण. त्यापुढे ऐन-किंजळीचं रान. चुलीपाशी बसलेल्या मैनाने गाडी ओळखली आणि न विचारता दोन कप मांडले.

"एकच द्या," दर्शना म्हणाली. "मी एकटीच आहे."

"मालक न्हाय आले?" मैनाने गाडीकडे बघितलं. "ते दोन घेतात. योक हितं पितात, योक गाडीत नेऊन देतात."

दर्शनाच्या कानशिलात रक्त चढलं. आता सापडली. "गाडीत कोण असतं?"

"मी कशाला बगाया जातंय?"

"बाई असते ना? खरं सांगा."

मैनाने चहा गाळला. गाळणं झटकलं, पुन्हा झटकलं. "ताई, तो कप परत येतो ना, तो भरलेलाच असतो. वाफाळता च्या मी हातात देते. ते गाडीपातूर जातात नि तसेच माघारी येतात. तेवढ्यात तो गारढोन होतो. बर्फागत." तिने कप दर्शनापुढे सरकवला. "बाई असती तर प्याली असती."

"तिकडे राहतं कोण?"

"कुनी न्हाय. धरनात गाव उठला, मानसं गेली. थांबा ऱ्हायला." मग लाकूड चुलीत सारत, "उजेड हाय तवर माघारी जावा."

दर्शनाने तिचे पैसे दिले आणि गाडी पुढे काढली. चहा गार होण्याची कारणं असतात. जानेवारीचा वारा असतो, पातळ कप असतो. नवरा हातातून का सुटतो याचीही असतात, आणि तीच तिला हवी होती.

६

थांबा म्हणजे सिमेंटची तीन भिंतींची खोली. आत एक बाकडं, वर गावाचं नाव, चुन्याखाली गेलेलं. पुढे रस्ता वळून धरणाच्या पाण्यात उतरत होता आणि तिथेच संपत होता. बाकड्यावर पाचोळा साचला होता. त्याच्या एका टोकाला मात्र माणसाच्या बैठकीएवढी जागा स्वच्छ होती.

दर्शनाने महेंद्र लावतो तशीच गाडी लावली. टायरच्या खुणा तयारच होत्या. शेगडीवर पिठलं केलं, भाकरी खाल्ली, गादीवर बसून राहिली. तिला खात्री होती, कुणीतरी येईल. शनिवार आहे, गाडी ओळखीची आहे. ती येईल, काचेत डोकावेल, आणि मग मी तिला विचारीन. काय विचारायचं तेही तिने घोकून ठेवलं होतं.

ऊन उतरलं. वानरं झाडांवरून लांब निघून गेली. थांब्याच्या आतला अंधार बाहेरच्यापेक्षा जरा आधीच दाट झाला. कुणी आलं नाही, आणि न येण्याचाच दर्शनाला संताप आला. त्याच्या हाकेला येते. माझ्यासमोर यायला लाज वाटते?

ती पुढे ड्रायव्हरच्या सीटवर गेली, वाकली आणि डावीकडचं दार सताड उघडलं.

"कुनी येतंय काऽय?" तिने महेंद्रच्या चालीवर हाक मारली. मग गळा फाडून, "हिंमत असेल तर ये! बस इथे! बघू दे मला!"

आवाज पाण्यावरून जाऊन परत आला. रानातले किडे थांबले. ते पुन्हा किरकिरू लागेपर्यंत दर्शनाने दार उघडंच ठेवलं.

मग गाडी डावीकडे झुकली. किंचित, सावकाश, जड माणसाने दबकत बसावं तशी. शॉक-अब्सॉर्बर कुरकुरला आणि थांबला. टायरखालची माती भुसभुशीत असणार. दर्शनाने हात लांब करून दार ओढून घेतलं. दाराची मूठ गार होती. ती मागे गादीवर गेली, चादर डोक्यावरून घेतली, आणि कधी नव्हे ती गाढ झोपली. खोलीत कुणी आपलं माणूस जागं आहे म्हणून निर्धास्त झोपावं, तशी.

७

जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. काचांवर दव होतं. उजवीकडच्या काचेवर बाहेरून, डावीकडच्या काचेवर आतून.

तिने किल्ली फिरवली. टुंग. टुंग. टुंग.

सीट रिकामी होती. दर्शनाने नीट बघितली, वर्गातल्या पोरांना बघायला सांगायची तशी. नीट, निरखून. मग पट्टा ओढला. तो भरपूर ओढावा लागला, आणि खटका बसल्यावर सैल पडून सीटला टेकला नाही. सीटपासून हातभर पुढे, हवेत, ताणून राहिला. टुंग टुंग थांबली.

 दर्शनाने गाडी हमरस्त्याकडे काढली, आणि भीतीला शाळेतल्या बाईंकडे एकच औषध असतं ते वापरलं. ती रागावू लागली.

"किती दिवस चाललंय हे? लाज नाही वाटत? संसार आहे माझा."

उत्तर आलं नाही. पण ऐकलं गेलं. ते कसं कळलं हे तिला सांगता आलं नसतं. ती बोलत गेली. स्नेहल गेल्यावर घर कसं खायला उठतं ते बोलली. महेंद्र जेवताना मोबाइलकडे बघतो, मग भाजी आळणी झाली तरी त्याला कळत नाही, ते बोलली. मावशीच्या वळणावरचा तो दिवस, अंगावर कुठली साडी होती तेसुद्धा सांगितलं. कुणी मध्ये तोडलं नाही, कुणी हं हं केलं नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. इतक्या वर्षांत कुणी तिचं असं ऐकलं नव्हतं. हातखंबा येईतो ती हसत होती, आणि महेंद्र आंघोळीनंतर हसायचा ते हसू कुठलं, हे तिला समजलं. त्याने ही चैन एकट्याने केली, गुपचूप केली. तिचा मत्सर आता दुसऱ्याच जागी दुखू लागला.

फाट्यानंतर रस्ता दाट झाडांखालून गेला. तेवढ्यापुरता सावलीचा बोगदा झाला आणि डावीकडच्या काचेत गाडीचा आतला भाग उमटला. दोन पंजे होते. अवघडलेल्या पाहुण्याने ठेवावेत तसे, उपडे, गुडघ्यांवर. सीट पार मागे होती, तरी गुडघे डॅशबोर्डच्या वर आले होते. त्याच्या वर दर्शनाने बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. तोंड आपल्याकडे वळलेलं आहे, हे तिला मघापासून माहीत होतं.

ऊन आलं. काचेत पुन्हा आंब्याची मोहोरलेली बाग दिसू लागली. बोलता बोलता दर्शना क्षणभर थांबली होती, ते अर्धं राहिलेलं वाक्य तिने पूर्ण केलं.

८

महेंद्र फाटकात उभा होता. काठीवर भार टाकून, दाढी न करता. गाडी दारात आली तशी त्याची नजर दर्शनावर न पडता डावीकडे गेली, आणि तिथेच त्याचा चेहरा निवला. असा चेहरा तिने पूर्वी एकदाच पाहिला होता. मावशीच्या वळणावर.

मग त्याने तिच्याकडे बघितलं. तिचे लाल झालेले गाल बघितले, सुटलेले केस, ओठांवर अजून राहिलेलं हसू.

"दापोलीला गेली नव्हतीस," तो म्हणाला.

"नाही."

"रस्ताभर बोलत होतीस?"

दर्शनाने इंजिन बंद केलं नाही.

"काय काय सांगितलंस? किती वेळ?" त्याचा आवाज चिरकला. "माझा शनिवार होता, दर्शना. माझी वाट बघत होतं ते."

हा आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता. महिनाभर तोच तिच्या स्वतःच्या गळ्यातून येत होता. महेंद्रने काठी टाकली आणि लंगडत डावीकडून गाडीला वळसा घातला. त्याचा हात दाराच्या मुठीकडे गेला.

दर्शनाने बटण दाबलं. चारही दारांचे खटके एकदम पडले.

"दार उघड." तो काचेवर तळहात आपटत होता. "अगं, उघड ना! मी मागे बसतो. मागे बसतो मी, हवं तर."

वीस-बावीस वर्षांचा संसार काचेपलीकडे उभा होता, एका पायावर. तिला त्याची दया आली, खरोखर आली. पण त्याला सगळं सांगून टाकायचं तर वेळ लागला असता, आणि आत कुणीतरी तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होतं.

तिने डावीकडचा पट्टा चाचपला. घट्ट होता. रिव्हर्स टाकला.

आरशात महेंद्र गल्लीतून लंगडत येताना दिसत होता, हात वर करून, गाडी चुकलेल्या माणसासारखा. तोंडाने काही ओरडत होता. शेजारची दोघं-तिघं बाहेर येऊन बघत होती.

गल्लीच्या तोंडाशी वळण आलं. दर्शना तिथे थांबली नाही आणि तिने हाकही मारली नाही. जागा रिकामी नव्हती.